दुसरा रकाना

नांदेड,
२७ नोव्हेंबर २०१८

प्रिय विशाखा,

तुझा निरोप मिळाला. ‘येणं जमणार नाही. कारण तुला माहीत आहे.’ एवढाच. मी तो चार-पाच वेळा वाचला आणि फोन उचलून परत खाली ठेवला. फोनवर मी समोरच्याच्या होला हो मिळवते, हे तुला ठाऊक आहे. आणि आज जे सांगायचं आहे त्यात मला मध्येच कुणी ‘जाऊ दे गं’ म्हणायला नको आहे. म्हणून पत्र. सकाळपासून टेबलाशी बसले आहे. तिसरा कागद फाडला तेव्हा रेणुकादास म्हणाला, “पाकीट जड का आहे याचा खुलासा तू पोस्टमनलाही देशील.” लग्नाला तेवीस वर्षं झाली, नवरा आता मला बरोबर ओळखतो.

आधी पुरस्काराचं सांगते. आमंत्रणात घाईघाईने चार ओळी छापल्या, त्यावरून काहीच कळत नाही. गंगम्माबाईंच्या नावाने आपण जुन्या विद्यार्थिनींनी यंदा पहिल्यांदाच विद्यार्थी पुरस्कार ठेवला आहे. तो चांगलं नाचणाऱ्या मुलीला नाही. नाचणाऱ्या शरीराचा ज्या विद्यार्थ्याने नीट अभ्यास केला असेल, पाय, गुडघे, कंबर, श्वास, थकवा यांच्या वर्षभर नोंदी ठेवल्या असतील, त्याला. बाईंनी आम्हाला बजावलं, “नाचणाराला टाळ्या मिळतात. त्याला आणखी काही देऊ नका. जी शेजारी बसून वही लिहिते, तिच्याकडे बघा जरा.” नांदेड, लातूर, परभणी, उदगीर मिळून एकोणीस वह्या आल्या. आम्ही तिघींनी त्या वेगवेगळ्या वाचल्या आणि तिघींनी एकच काढली. मृण्मयी नावाची मुलगी आहे, लातूरची. तिने विषय असा घेतला की मला माझंच हसू आलं, इतक्या वर्षांत आपल्यापैकी एकीलाही हे सुचलं नाही. लातूरला नाच शिकणारी प्रत्येक मुलगी दहावी झाली की थांबते. दोन वर्षं क्लास, हॉस्टेल, टेस्ट सिरीज. बारावी झाली की त्यातल्या काही परत नाचायला येतात आणि पहिल्याच महिन्यात पाय धरून बसतात. मृण्मयीने अशा अकरा मुलींचे पाय वर्षभर पाहिले. कुणाला कधी दुखलं, कुठे दुखलं, किती दिवस बसून राहिल्यानंतर. शेवटी आभार मानले आहेत ते ‘जीवशास्त्राच्या विशाखा मॅडमचे, ज्यांनी पायाचं हाड शिकवताना स्वतःच्या नडगीवर हात ठेवून वर्गाला विचारलं होतं की हे हाड तुमचं किती ओझं उचलतं, कधी विचार केला का?’

ती मुलगी तुझ्या क्लासमध्ये दोनशे पोरांत कुठेतरी मागच्या बाकावर बसत होती. तुला आठवतही नसेल. पुरस्कार तुझ्या हातून द्यावा असं ठरलं ते त्यामुळे. आणि बाईंनाही तेच हवं आहे, त्यामुळे.

तू का येत नाहीस ते मला माहीत आहे. पंचवीस वर्षांपूर्वी बाईंनी तुझा पाय दुखतोय हे वहीत वाचलं, सही केली आणि तरीही तुला नाचू दिलं, असं तू समजतेस. मी तुला तसं समजू दिलं. मला जे माहीत आहे ते तुला सांगितलं तर तू येशील की नाही, मला अंदाज नाही. पण न येण्याचं तुझं कारण तरी खरं असावं.

मला अजूनही बाईंचे रविवार आठवले की बरं वाटतं. कॉलेजात त्या शरीरक्रियाशास्त्र शिकवायच्या आणि रविवारी सकाळी नृत्यविद्यालयात फुकट येऊन आपल्याला ‘नाचाचं विज्ञान’. नाच शिकवायला दुसऱ्या ताई होत्या; बाईंना स्वतःला एक तोडाही येत नव्हता. काठापदराचं इरकल, कपाळावर विभूतीचा पुसट पट्टा आणि पर्समध्ये शिंप्याची मोजपट्टी. पहिल्याच दिवशी त्यांनी आपल्याला नाचायला लावलं आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून बसल्या. मग एकेकीला सांगितलं, तू टाच आधी टेकवतेस, तुझा उजवा गुडघा आत येतो, तुला काल ताप होता का? आपल्याला वाटलं जादूच आहे. त्या म्हणाल्या, जादू कसली, आमच्या देवणीत हे गुराखीसुद्धा करतात.

आणि खरोखरच घेऊन गेल्या. बस उदगीरला बदलून आपण देवणीच्या बाजारात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. बाईंचे भाऊ सिद्रामप्पा, ती काळी-पांढरी देखणी जनावरं, आणि रस्त्याकडे पाठ करून ओळीने उभ्या आपण सात जणी. “बघायचं न्हाई. कानानं सांगा, कुठल्या बैलाचं दुखून राह्यलंय.” मी आधी पहिला म्हटलं, मग चौथा, मग म्हटलं की मला नक्की सांगता येणार नाही. सिद्रामप्पा म्हणाले, “ह्या ताईंनी बैल घ्यायचा म्हणलं तर बाजार उठंल.” सगळ्या हसल्या. तू मात्र हसली नाहीस, डोळे मिटून उभी होतीस. “तिसरा. मागचा डावा,” म्हणालीस. खुरात खडा निघाला. सिद्रामप्पांनी फेटा सारखा केला आणि बहिणीला म्हणाले, “अक्का, ही पोरगी पुन्यांदा बाजाराला आणू नगंस. समदे दलाल उपाशी मरतील.” परतीच्या बसमध्ये बाईंनी तुला खिडकीची जागा दिली होती. मला तेव्हा हेवा वाटला होता. डायरीत तसं लिहिलं आहे आणि खाली ‘असं वाटणं बरं नव्हे’ असंही लिहिलं आहे. वीस वर्षांची मी, अगदी आजच्यासारखीच.

वहीचा नियम तुला आठवतोच. दोघी-दोघींची जोडी. एकीने तालावर पावलं टाकत तत्कार करायचा, दुसरीने पाठ करून, डोळे मिटून ऐकायचं आणि लिहायचं. उजवा-डावा सारखा की फरक. शनिवारी बाई वह्या वाचून सही करणार. जिच्या पानावर ‘फरक’ दिसेल तिला स्वतः ऐकणार आणि गरज वाटली तर डॉक्टरांकडे धाडणार. आणि एक कडक अट होती, ऐकलं तेवढंच लिहायचं. नाचणारीने तोंडाने सांगितलेलं लिहायचं नाही. बाईंचं म्हणणं होतं, मैत्रीण ‘दुखतंय’ म्हणाली की कान दुखरं पाऊल शोधायला लागतो, मग नोंद कानाची राहत नाही. मला तो नियम फार आवडायचा. असा स्वच्छ नियम असला की माझ्यासारखीला जिवाला स्वस्थता मिळते.

मग तीस सप्टेंबर. नांदेडला आपल्याकडे भांडी पडली, भिंतींना तडे गेले, आणि सकाळी रेडिओवर किल्लारीचं नाव ऐकलं. तिसऱ्या दिवशी बाई लातूरला गेल्या. कुणी बोलावलं नव्हतं. सरकारी दवाखान्याच्या व्हरांड्यात प्लास्टर घातलेली माणसं ओळीने पडलेली, आणि त्यांना कुबडीवर चालायला शिकवणारं कुणी नाही. बाईंनी तिथेच बस्तान मांडलं. पंधरवड्याने आपण दोघी गेलो. आठ दिवस. तू पाण्याच्या बादल्या उचललेल्या, बायांना पाठीमागून धरून उभं केलेलं. एक म्हातारी पाय टाकायलाच तयार नव्हती, कारण पायाखालची जमीन तिला पुन्हा हलेलसं वाटायचं. तू तिच्या पुढ्यात बसून जमिनीवर तळहात ठेवलास आणि म्हणालीस, “मावशे, मी धरून बसलेय हिला. तू टाक पाऊल.” तिने टाकलं. बाई दारातून बघत होत्या. नंतर मला म्हणाल्या, “ही मुलगी माझ्यापेक्षा चांगली शिकवंल.” हे मी तुला कधी सांगितलं नाही. का, ते बहुधा बसमधल्या खिडकीच्या जागेवरून तुझ्या लक्षात येईल.

नोव्हेंबरपासून भूकंपग्रस्तांसाठीच्या कार्यक्रमाची तालीम सुरू झाली. बाई आठवड्यातले पाच दिवस लातूरला, फक्त शनिवार-रविवार नांदेडला. मुख्य नाच तुझा. तुला काही झालं तर तुझ्या जागी मी, असं ताईंनी सगळ्यांसमोर सांगितलेलं. खाली शहाबादी फरशी, आणि तुझे पाय आधीच लातूरच्या आठ दिवसांनी थकलेले. आज मृण्मयीला विचारलं तर ती हिशोब मांडून सांगेल की काय होणार होतं.

सात डिसेंबर, मंगळवार. मी भिंतीकडे तोंड करून बसले. सोळा आवर्तनं. तुझा डावा पाय मला हलका वाटला. नक्की वाटला. तालीम संपल्यावर तू घुंगरं सोडता सोडता म्हणालीस की डाव्या नडगीत ठणकतंय, लिही बाई तेवढं. मी म्हटलं, “लिहिलं.”

काय लिहिलं ते आता वाच. त्या पानावरून जसंच्या तसं उतरवते आहे. ‘आवाजात फरक. डावा हलका. दोन्ही दोऱ्यांची घुंगरं मोजली. उजवी शंभर, डावी सत्त्याण्णव. फरक घुंगरांचा असावा.’ बस. ठणक्याचा उल्लेख नाही. तू तोंडाने सांगितलं होतंस, आणि सांगितलेलं लिहायचं नाही हा नियम होता. मी नियम पाळला. इतका नीट पाळला की तुझं दुखणं पानावर आलंच नाही, आणि जे पानावर आलं होतं त्याला मी घुंगरांचं कारण जोडून दिलं. ते मात्र मी कानाने ऐकलं नव्हतं. तो माझा तर्क होता. तर्क लिहायची परवानगी मला कुणी दिली होती?

का केलं असं, हे मी इतक्या वेळा स्वतःला विचारलं आहे की आता उत्तरं एकमेकांत मिसळली आहेत. त्यातलं एक मला खरं वाटतं. ‘फरक’ लिहून मी नुसती थांबले असते तर तुला बसवलं असतं आणि तुझ्या जागी मी उभी राहिले असते. सगळ्या म्हणाल्या असत्या, लताने विशाखाला कापलं. मला तुझी जागा हवी होती, विशाखा. हवी होती म्हणूनच ती मला मिळता कामा नये असं वाटलं. तुझ्या पायाव्यतिरिक्त दुसरं कुठलं तरी कारण मला हवं होतं, आणि तीन घुंगरं गळालेली सापडली. मी केवढी सुटल्यासारखी झाले होते! त्या दिवशीच्या डायरीत मी लिहिलं आहे, ‘आज मन साफ आहे.’

शनिवारी बाई लातूरहून आल्या त्या थेट कार्यक्रमाच्या गडबडीत. पान वाचलं. ‘घुंगरांचा फरक’ वाचून त्यांनी ताईंना तीन घुंगरं ओवून घ्यायला सांगितली आणि सही केली. माझ्या नोंदीवर त्यांचा भरवसा होता. दुखतंय हे त्यांनी वाचलं नाही, विशाखा. ते तिथे नव्हतंच.

रविवारचं तुला सांगायला नको. दुपारचा कार्यक्रम, सिमेंटचा ओटा, वर पातळ सतरंजी. शेवटच्या तिहाईत तुझा डावा पाय टेकला आणि तू खाली बसलीस. लोकांना तो नाचाचाच भाग वाटला. टाळ्या वाजल्या. मला अजून टाळ्यांचा आवाज आवडत नाही. डॉक्टरांनी एक्स-रे उजेडात धरून सांगितलं की ही चीर आजची नाही, तीन-चार आठवडे तरी जुनी आहे. हदगावहून तुझे आई-बाबा आले. लिंबाजीकाका एस.टी.च्या डेपोतून तसेच, कामाचे काळे हात घेऊन. तुला नाच शिकायला पाठवताना त्यांनी बाईंना काय सांगितलं होतं तेही मला पाठ आहे. “आमच्या आजीला गावानं सांगितलं की नाचावं लागायचं. माही पोरगी शिकून, सोताच्या मर्जीनं नाचंल. कुणी नाचवायचं न्हाई तिला.” त्या दिवशी ते तुझ्या उशाशी बसून राहिले. भामाकाकू बोलल्या. “बाई, तुम्ही म्हणं बैलाचं दुखणं पाठमोऱ्या ऐकता. माह्या लेकीचं न्हाई आलं व्हय ऐकू?” बाई म्हणाल्या, “चूक माझी आहे, भामाबाई.” मी त्यांच्या मागे तुझ्या घुंगरांची पिशवी घेऊन उभी होते. शंभर आणि शंभर.

सहा आठवड्यांनी प्लास्टर निघालं, पण तू वर्गात परत आली नाहीस. पंच्याण्णव साली नांदेडच्या बसस्टँडवर भेटलीस, लातूरला बी.एड.ला निघालेली. हापूस आंब्याची पेटी पायाशी. गाडी लागली तेव्हा सहज विचारल्यासारखं विचारलंस, “खरं सांग लता, एखाद्या मोठ्या घरची पोरगी असती, तर बाईंनी तसल्या पायावर नाचवलं असतं तिला?” मी म्हटलं, “मला नाही माहीत.” वहीतल्या चुकीचं मी एक वेळ समर्थन करीन, वीस वर्षांची होते, नियम होता, अमुक होतं, तमुक होतं. पण या उत्तराला काही आधार नाही. मला माहीत होतं. तुझा तो प्रश्न खोटा ठरवायला माझं एक वाक्य पुरलं असतं आणि मी तो तुझ्याबरोबर बसमध्ये चढू दिला. असा प्रश्न मनात घेऊन माणूस किती वर्षं जगतं, याचा विचार करायला मला माझी मुलगी मोठी व्हावी लागली.

मनस्विनी दोन वर्षं लातूरला होती, ट्यूशन एरियातच, तुझ्या क्लासपासून दोन गल्ल्यांवर. सगळे म्हणत होते जीवशास्त्र विशाखा मॅडमकडेच लाव. मी दुसरीकडे लावलं. दर महिन्याला डबा आणि धुतलेले कपडे घेऊन मी तुझ्या बोर्डाखालून जायचे. एकदा खिडकीतून तुझा आवाज ऐकू आला, बरगड्या मोजून दाखवत होतीस, पोरं खिदळत होती. “हसू नका, माह्यापेक्षा तुमच्याच जास्त दिसतात. हॉस्टेलचं जेवण!” मी रसवंतीच्या आडोशाला उभी राहून तुझा अख्खा तास ऐकला. काय शिकवतेस गं! बाई बरोबर बोलल्या होत्या.

आता बाईंचं. एकोणऐंशी चालू आहे. सिद्रामप्पा गेले, देवणीचं घर पुतण्यांकडे आहे. बाई इथेच, नांदेडला. नजर कमी झाली आहे, कान शाबूत. सकाळी फाटकाशी खुर्ची टाकून बसतात आणि रस्त्याने जाणाऱ्यांच्या चपला ऐकतात. दूधवाल्या मलप्पाला परवा थांबवून सांगितलं, “टाच दुखतेय ना? रबरी चप्पल सोड.” तो म्हणाला, “बाई, तुमच्यामुळं मला चोरपावलानं यावं लागून राह्यलंय.” पुरस्कारासोबत एक छोटी पुस्तिका काढायची आहे, बाईंची शिकवण्याची रीत सांगणारी. त्यांना लिहवत नाही म्हणून मी रोज दुपारी जाते. त्या सांगतात, मी उतरवते. चार-सहा दुपारी इतक्या छान गेल्या! मध्ये चहा, भडंग, जुन्या मुलींच्या नकला. मी सुखात आहे, विशाखा. असं लिहायला मला नेहमी भीती वाटते, पण आहे.

मागच्या गुरुवारी त्या म्हणाल्या, “आता लिही. सन त्र्याण्णवमध्ये माझ्या चुकीनं एक मुलगी जायबंदी झाली.” माझं पेन थांबलं. त्यांनी विचारलं, “का गं, शाई संपली?” मी म्हटलं, बाई, हे खरं नाही. आणि मग सगळं सांगितलं, घुंगरं, ठणका, तुझी जागा, बसस्टँड. पंचवीस वर्षं धरून ठेवलेलं दहा मिनिटांत संपलं. त्या ऐकत होत्या. मग म्हणाल्या, खोलीतली पत्र्याची पेटी उघड. आपल्या वह्या तिथे आहेत, सगळ्या. आपलं ते पान त्यांनी मला मोठ्याने वाचायला लावलं. खाली लाल शाईत त्यांच्या हातचं होतं, तेरा डिसेंबर तारीख घालून. ‘मुलीनं सांगितलं असणार. सांगितलेलं लिहायला माझ्या नियमात जागाच नव्हती. नियम माझा.’ म्हणजे त्यांना दुसऱ्याच दिवशी कळलं होतं. मला त्यांनी कधीच विचारलं नाही, आणि तुझ्या घरच्यांपुढे एकट्याने मान खाली घातली.

मी रडले, ते सोड. मग आमचं भांडण झालं. मी म्हणाले, पुस्तिकेत माझं नाव घाला. त्या म्हणाल्या, “हे पुस्तक तुझ्या पापाचं नाही. मुलींच्या पायांचं आहे.” मी म्हणाले, मग तुमची चूक तरी कशाला? त्या म्हणाल्या, “नियम चुकला हे लिहिलं नाही, तर पुढची कुणी तोच नियम नव्याने करंल.” मी आता पंचेचाळीस वर्षांची बाई, त्यांच्यासमोर पाय आपटायचे काय ते बाकी ठेवले. शेवटी ठरलं की कुणाचीही चूक म्हणून लिहायचंच नाही. ते पान आहे तसं छापायचं, माझ्या अक्षरातलं, माझ्या नावासकट, खाली त्यांची सही, खाली लाल शाई. वाचणाराला जे समजायचं ते समजेल.

तू गेल्यानंतर काय बदललं ते तुला कधी कुणी सांगितलं नसेल. चौऱ्याण्णवच्या जानेवारीत बाईंनी सगळ्या वह्यांत पट्टीने मधोमध रेघ मारली. डावीकडे ‘ऐकलेलं’, उजवीकडे ‘सांगितलेलं’. दुसऱ्या रकान्यात नाचणारी मुलगी स्वतःच्या हाताने लिहिते, आणि तिने ‘दुखतंय’ लिहिलं तर डावा रकाना काहीही म्हणो, ती बसते. पंचवीस वर्षं इथल्या प्रत्येक वहीत तो रकाना आहे. मृण्मयीच्याही वहीत आहे. तिचा सगळा अभ्यास त्यातूनच निघाला. मुली त्यात वाट्टेल ते लिहितात. ‘पोटरी धरली.’ ‘काही नाही, आईशी भांडले.’ ‘आज नको वाटतंय.’

आणि आता हे पत्र कशासाठी ते. त्या सात डिसेंबरच्या पानावरही बाईंनी मागाहून तशी रेघ मारून ठेवली आहे. डावीकडे माझी सत्त्याण्णव घुंगरं. उजवीकडे रिकामं. ते रिकामं छापू नये असं बाईंना वाटतं, आणि मला त्यात लिहिता येत नाही. ठणकतंय, लिही बाई, हे मला आठवतं. पण तू त्याहून जास्त बोलत होतीस. घुंगरं सोडत सोडत बराच वेळ काहीतरी सांगत होतीस आणि मी त्यातलं अर्धंसुद्धा ऐकलं नाही, कारण तुझी सुटलेली डावी दोरी माझ्या हातात होती आणि मी मनातल्या मनात मोजत होते. तू थांबलीस तेव्हा मी सत्त्याण्णववर होते. म्हणून विचारते, त्या दिवशी तू काय म्हणत होतीस? तुला आठवेल तसं, तुझ्या शब्दांत, तुझ्या अक्षरात लिहून पाठव. आठवत नसेल तर आठवत नाही असं लिही. माझ्यावर रागावून लिहावंसं वाटलं तर तसं लिही. मी एक अक्षर बदलणार नाही. सोळा डिसेंबरला पुरस्काराला येणं न येणं तुझ्या मर्जीचं, त्याचा याच्याशी संबंध नाही. छापखान्याला मी दहा तारखेपर्यंत थांबायला सांगितलं आहे.

तुझीच, या वेळी नीट ऐकायला बसलेली,
लता